समोरचा माणूस स्वतःहून आलेला नसतो: सार्वजनिक सेवेत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर

"मी बोलेन ते तुम्ही लिहिणार. तुम्ही लिहाल ते वर जाणार. मग मी कशाला बोलू?"

तुरुंगातल्या कामाच्या पहिल्याच आठवड्यात एका कैद्याने मला हे विचारलं. दार अर्धवट उघडं होतं, दारात पहारेकरी उभा होता आणि टेबलावर त्याची फाइल माझ्याकडे तोंड करून पडली होती. त्याला तिच्यातलं एक अक्षरही दिसत नव्हतं. सिद्धांत, चाचण्या, उपचारपद्धती हे सगळं मी शिकून आले होते, पण या प्रश्नाचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. जे शिकवलं होतं ते सगळं एक गोष्ट गृहीत धरून, की समोरचा माणूस आपल्या पायांनी आपल्याकडे आला आहे.

सार्वजनिक सेवेत असं क्वचित घडतं. मुलाला शिक्षकांनी पाठवलेलं असतं, आरोपीला न्यायालयाने, पोलिसाला वरिष्ठांनी. वॉर्डातल्या रुग्णाला घरच्यांनी भरती केलेलं असतं. पगार देणारी संस्था वेगळी आणि ज्याच्यासाठी काम करायचं तो माणूस वेगळा. या सेवेतली कौशल्यं, पेच आणि समाधानही याच एका गोष्टीतून निघतं, म्हणून पुढच्या पायऱ्या मी त्याच अंगाने मांडते आहे.

पायरी १: आधी कामाची जागा बघा, मग अभ्यासक्रम निवडा

बहुतेक जण उलटं करतात. पदवी घेतात, मग जाहिराती शोधतात आणि मग कळतं की हव्या त्या पदासाठी आपली पात्रताच बसत नाही.

'मानसशास्त्रज्ञ' या एका शब्दात अगदी वेगवेगळी कामं आहेत. सरकारी रुग्णालयात तुम्ही मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका आणि समाजसेवक यांच्या टीममध्ये असता. मूल्यमापन आणि थेरपी हे तुमचं काम. शाळांच्या यंत्रणेत अर्धा वेळ मुलांबरोबर जातो आणि अर्धा शिक्षक-पालकांना समजावण्यात. तुरुंगात धोक्याचं मूल्यमापन आणि पुनर्वसन. पोलीस आणि सैन्यात भरतीच्या चाचण्या, शिवाय कर्मचाऱ्यांच्या मनावरचा ताण. लॉस एंजेलिसच्या पोलीस दलाने मार्टिन रायझर यांना १९६८ मध्ये पूर्णवेळ नेमलं, तेव्हापासून हे स्वतंत्र क्षेत्र म्हणून आकाराला येत गेलं. धोरणाच्या बाजूनेही दार उघडं आहे. ब्रिटनच्या सरकारने २०१० मध्ये नागरिकांच्या वर्तनाचा अभ्यास करून धोरणं सुधारण्यासाठी एक पथक उभं केलं, त्याचं नेतृत्व डेव्हिड हाल्पर्न या मानसशास्त्रज्ञाकडे होतं.

निवड करण्याआधी त्या जागी दोन-तीन दिवस नुसतं बसता येईल का, ते बघा. परवानगी मिळाली तर तीन गोष्टी टिपा: इथला मानसशास्त्रज्ञ दिवसाला किती माणसं बघतो, त्याचा रिपोर्ट कोण वाचतं, आणि तो बसतो कुठे. तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल. पण ज्याला दार लावता येईल अशी खोली नाही, त्याच्याकडून संस्थेची अपेक्षा काय आहे हे त्यावरूनच कळतं.

पायरी २: प्रशिक्षणात काय तपासायचं

पदव्युत्तर पदवी हा पाया आहे, परवाना नाही. अनेक देशांत रुग्णांवर स्वतंत्रपणे काम करण्याआधी देखरेखीखालचं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. कुठे 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' ही उपाधी लावायलाही कायद्याची मान्यता लागते. म्हणून प्रवेश घेण्याआधी हव्या त्या पदाची एखादी जुनी जाहिरात मिळवा आणि पात्रतेचा परिच्छेद शब्द न् शब्द वाचा. अभ्यासक्रमाच्या नावातल्या एका शब्दाच्या फरकाने माणसं बाहेर राहतात.

देखरेखीखालच्या प्रशिक्षणाची ही रचना सार्वजनिक सेवेच्या गरजेतूनच आली. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ पुरेसे नव्हते. माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९४६ मध्ये विद्यापीठांबरोबर प्रशिक्षण सुरू केलं आणि १९४९ च्या बोल्डर परिषदेत ठरलं की उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ संशोधकही असला पाहिजे. माझ्या मते त्यातलं संशोधक असणं म्हणजे शोधनिबंध छापणं एवढंच नाही. आपण करतो त्याचा उपयोग होतो आहे का, हे पुराव्याने तपासायची सवय म्हणजे संशोधक असणं.

संस्था निवडताना एकच प्रश्न हट्टाने विचारा: देखरेख करणारी व्यक्ती स्वतः सार्वजनिक संस्थेत राबलेली आहे का? ग्रंथालय, इमारत, नाव हे सगळं त्यानंतर.

पायरी ३: फाइल वाचायला शिका, पण फाइलवर विश्वास ठेवू नका

एका रुग्णालयात माझ्याकडे एका बाईंची केस आली. रेफरलमध्ये, म्हणजे माझ्याकडे पाठवणाऱ्याच्या चिठ्ठीत, एकच ओळ: 'असहकार्य, प्रश्नांना उत्तरं देत नाही.' मागची पानं चाळली तर तीन वर्षांत चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत तेच वाक्य. प्रत्येकाने आधीच्याचं वाचून लिहिलेलं.

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलत होते. त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. पेन खाली पडलं म्हणून उठून उजवीकडे गेले आणि सहज म्हणाले, "थांबा हं, सापडत नाहीये." त्या वळल्या आणि म्हणाल्या, "खुर्चीखाली आहे बघा." डाव्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं आणि उजव्यानेही जेमतेम. त्यांचा आजार खराच होता, पण असहकार्य कधीच नव्हतं.

तेव्हापासून मी फाइल तीन टप्प्यांत वाचते. आधी फक्त तारखा: कधी आला, कधी गेला, मधे किती काळ गायब होता. मग प्रत्यक्ष पाहिलेलं आणि अंदाजाने लिहिलेलं वेगळं करते. 'रात्री दोनदा उठून दारापर्यंत गेला' हे पाहिलेलं आहे. 'हिंसक वृत्तीचा' हा शेरा आहे, आणि तो कुठल्या घटनेवरून पडला ते शोधायला हवं. शेवटी रेफरलचा खरा प्रश्न. 'मूल्यमापन करावे' हा प्रश्न नाही. पाठवणाऱ्याला फोन करून विचारा, "माझ्या रिपोर्टवरून तुम्ही नेमका कोणता निर्णय घेणार आहात?" उत्तर मिळतं, "घरी सोडायचं की नाही ते." आता काम सुरू करता येतं.

पायरी ४: पहिली पाच मिनिटं

त्या कैद्याच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडायला बराच काळ लागला, म्हणून इथे जरा थांबते.

गुप्ततेचं सरसकट आश्वासन देऊ नका. 'तुम्ही बोलाल ते इथेच राहील' हे वाक्य खासगी दवाखान्यातही मर्यादेतच खरं असतं, इथे तर ते धडधडीत खोटं ठरू शकतं. एकदा खोटं पडलं की त्या माणसापुरता विषय संपतो, आणि बराकीतल्या बाकीच्यांपुरताही. मी आता साधारण असं सांगते: "मला संस्थेने नेमलंय. आजच्या भेटीवर मला रिपोर्ट लिहायचा आहे, तो अमुक व्यक्ती वाचणार आहे. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला तो सांगावाच लागेल. तुम्ही एखाद्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल, मी फक्त 'उत्तर दिलं नाही' एवढंच लिहीन. रिपोर्ट पाठवण्याआधी त्यातलं मुख्य तुम्हाला वाचून दाखवीन."

शेवटचं वाक्य नियमात बसत असेल तिथे जरूर पाळा. त्या कैद्याच्या भेटीत मात्र मी फक्त फाइल त्याच्याकडे वळवून ठेवली आणि त्याच्यासमोरच लिहायला लागले. तो अर्धा तास गप्प होता. मग म्हणाला, "त्यात माझ्या भावाचं नाव चुकीचं लिहिलंय." तिथून बोलणं सुरू झालं.

उपचार करणारी आणि न्यायालयासाठी मूल्यमापन करणारी व्यक्ती शक्यतो एकच असू नये. दोन्ही कामं तुमच्याच गळ्यात आली तर लेखी हरकत नोंदवा आणि त्या माणसालाही स्पष्ट सांगा.

आणि एक रेघ अशी आहे की जिच्यापलीकडे संस्थेची निष्ठा चालत नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर कैद्यांच्या क्रूर चौकशीच्या पद्धती आखण्यात मानसशास्त्रज्ञांचा हात होता. २०१५ मध्ये आलेल्या चौकशी अहवालातून त्यांच्या व्यावसायिक संघटनेचे पदाधिकारी संरक्षण खात्याशी कसे जुळवून घेत होते ते उघड झालं, आणि त्याच वर्षी संघटनेने राष्ट्रीय सुरक्षेच्या चौकश्यांतून मानसशास्त्रज्ञांना बाहेर राहायला सांगितलं. त्या माणसांकडे पदव्या होत्या, नोंदणी होती, आचारसंहिताही होती. नोकरीला लागताना हे प्रकरण नीट वाचून घ्या. वरून येणारा दबाव सुरुवातीला अगदी साध्या विनंतीच्या रूपात येतो.

पायरी ५: चाचणी घ्यायची कधी आणि नाकारायची कधी

बुद्धिमापनाची पहिली चालणारी श्रेणी सरकारी कामातूनच निघाली. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने १९०४ मध्ये समिती नेमली आणि १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी तीस कृतींची श्रेणी मांडली. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जास्त मदत द्यायची, एवढाच हेतू. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी राशी आहे असं मानायला बिने यांचा ठाम विरोध होता. दहा वर्षं होत नाहीत तोच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड यांचे सहकारी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या, थकलेल्या स्थलांतरितांना दुभाष्यामार्फत याच धर्तीचे प्रश्न विचारून 'मंदबुद्धी' ठरवत होते.

म्हणून चाचणी हातात घेण्याआधी बघा: या माणसाच्या भाषेत आणि त्याच्यासारख्या लोकसमूहावर ती प्रमाणित झाली आहे का? तो आदल्या रात्री झोपला होता का, औषधाच्या गुंगीत आहे का, चष्मा आणलाय का? आणि आकडा आल्यावर त्याला मदत मिळणार आहे की त्याचं काही काढून घेतलं जाणार आहे? चाचणी नाकारणं हाही व्यावसायिक निर्णय आहे. तो कारणासह लिहा.

पायरी ६: रांग मोठी, हात दोन

सार्वजनिक सेवेत नवा आलेला मानसशास्त्रज्ञ इथे खचतो. पन्नास मिनिटांची सेशन्स शिकलेला माणूस ओपीडीच्या रांगेसमोर उभा राहतो आणि त्याला वाटतं की मी करतोय ते सगळं अर्धवट आहे. मार्ग असा की प्रत्येकाला थोडं थोडं वाटण्यापेक्षा कामाच्या पायऱ्या पाडायच्या. सौम्य त्रास असलेल्याला माहिती आणि स्वतः करायचे सराव, मध्यम त्रासाला गट किंवा मोजक्या भेटी, गंभीर त्रासाला तुमचा पूर्ण वेळ. इंग्लंडच्या आरोग्य सेवेने २००८ पासून थेरपीचा विस्तार याच पद्धतीने केला आणि जवळजवळ प्रत्येक भेटीला छोटी प्रश्नावली भरून घेतली. नैराश्यासाठी 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची प्रश्नावली मोफत वापरता येते. ती प्रत्येक भेटीला भरून घ्या. चार भेटींत आकडा हललाच नाही, तर उपचार बदलायची वेळ आली आहे.

दुसरा मार्ग माझ्या फार जवळचा. झिम्बाब्वेत हरारेच्या म्बारे भागात २००६ मध्ये डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांकडे खोली नव्हती, परिचारिकाही मोकळ्या नव्हत्या. होत्या त्या वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या चौदा आज्या, आणि दवाखान्याच्या आवारात टाकता येईल असं एक लाकडी बाक. आधी त्याला 'मानसिक आरोग्याचं बाक' म्हटलं तर कुणी बसेना. आज्यांनीच सांगितलं, नाव बदला, 'मैत्रीचं बाक' म्हणा. निदानाचे शब्दही त्यांनी बाहेरून आणले नाहीत. 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करत राहणं, हा शोना भाषेतला लोकांच्या तोंडचाच शब्द त्यांनी धरला. मग एक अडचण निवडायची, तिच्यावरचे उपाय त्या माणसाकडूनच काढून घ्यायचे, एक करून बघायचा, पुन्हा भेटायचं. २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले: सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीच्या उपचारातल्या लोकांपेक्षा खूपच कमी होती. प्रशिक्षित सामान्य माणसं हे काम करू शकतात, हे विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या गोव्यातल्या अभ्यासातूनही २०१० मध्ये दिसलं होतं.

मग मानसशास्त्रज्ञाचं काम काय उरतं? पुष्कळ. अशी माणसं निवडणं, शिकवणं, आणि दर आठवड्याला त्यांच्याबरोबर बसून अडलेल्या केसेस ऐकणं. बहुतेक योजना याच शेवटच्या कामात कोसळतात. प्रशिक्षणाचा समारंभ होतो, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि नंतर कुणी विचारायला येत नाही. तुमच्या वेळापत्रकात देखरेखीचा तास सगळ्यात आधी भरा, उरलेल्या वेळात ओपीडी बसवा.

पायरी ७: जिवाचा प्रश्न असतो तेव्हा

आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात भरते ही भीती निराधार आहे. बहुतेकांना विचारल्यावर हायसं वाटतं.

'मी स्वतःला काही करणार नाही' असं लिहून घेऊन सही घेण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. ती सोडा. तिने संस्थेचं समाधान होतं, माणूस वाचत नाही. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांची सुरक्षा-योजना शिका. एक कागद, सहा गोष्टी, सगळ्या त्या माणसाच्या शब्दांत: संकट जवळ येतंय हे मला कशावरून कळतं, एकट्याने काय केल्यावर ती लाट ओसरते, कुठे किंवा कुणात गेल्यावर मन दुसरीकडे वळतं, कुणाला स्पष्ट सांगून मदत मागता येईल, कोणत्या सेवेला फोन करायचा, आणि घरातली धोक्याची साधनं कोण दूर ठेवणार.

'श्वसनाचे व्यायाम' असं तुमच्या भाषेत लिहू नका. एका मुलाने माझ्याकडे लिहिलं होतं, 'गच्चीवर नाही, अंगणात जाईन.' त्या ओळीत पहिले दोन शब्द नसते तर मला धोका कळलाच नसता. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत आपत्कालीन विभागात ही योजना आणि नंतर पाठपुराव्याचे फोन, असं दोन्ही दिलं गेलं तिथे पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसलं, असं २०१८ च्या अभ्यासात आढळलं. फोनही तेवढाच महत्त्वाचा आहे. तो करायचा असं ठरवलं असेल तर सुटीच्या दिवशी कोण करणार ते आधीच लिहून ठेवा.

आपत्तीच्या ठिकाणी

थोडक्यात सांगते. पूर, भूकंप, अपघात यांनंतर लगेच लोकांना एकत्र बसवून घडलेलं सगळं तपशिलात बोलायला लावू नका. एका बैठकीतल्या अशा उजळणीचा फायदा दिसलेला नाही, काहींना अपायच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचं सूत्र तीन शब्दांत मावतं: पाहा, ऐका, जोडून द्या. हरवलेल्या नातेवाइकाची चौकशी कुठल्या टेबलावर होते हे तुम्हाला माहीत असणं, ही तिथली सगळ्यात मोठी मानसशास्त्रीय मदत आहे.

पायरी ८: रिपोर्ट

वाचणाऱ्याकडे दोन मिनिटं असतात. रेफरलचा प्रश्न आणि त्याचं उत्तर पहिल्या परिच्छेदात द्या, पुरावा खाली. जे पाहिलं, जे ऐकलं आणि जो निष्कर्ष काढला ते वेगवेगळ्या वाक्यांत ठेवा. 'धोका आहे' असं मोघम लिहू नका. कोणता धोका, कोणत्या परिस्थितीत वाढतो, कशाने कमी होतो ते लिहा. गुन्हेगारांच्या पुनर्वसनात अँड्र्यूज आणि बोंटा यांनी १९९० मध्ये सहकाऱ्याबरोबर मांडलेलं तत्त्व इथे उपयोगी पडतं: पुन्हा गुन्हा होण्याच्या धोक्याच्या प्रमाणात उपचार द्या. कमी धोक्याच्या माणसाला धोकादायक माणसांबरोबर कडक कार्यक्रमात घातलं तर तो बिघडतो. शिफारशी तीनच करा आणि त्या संस्थेत आहेत त्या माणसांना करता येतील अशा.

लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्य त्या माणसाने वाचलं तर, असं मनात धरून एकदा वाचा. आपण लिहिलेलं पान वीस वर्षं त्याच्यामागे फिरतं.

पायरी ९: टिकून राहणं आणि पुढे जाणं

देखरेख फक्त शिकणाऱ्यांना लागते असं समजू नका. संस्थेत वरिष्ठ मानसशास्त्रज्ञ नसेल तर दुसऱ्या संस्थांतल्या दोघा-तिघांना धरून पंधरा दिवसांतून एकदा बसा, ओळख झाकून केसेस मांडा. जिथे मी एकटीच होते, तिथे याच बैठकीने मला नोकरीत ठेवलं.

बढती आली की माणसं कमी आणि फायली जास्त भेटतात. अनेक जण इथे नाराज होतात. पण औषधांचं वेळापत्रक, भेटीच्या खोलीला दार, दुभाष्याची तरतूद हे निर्णय त्याच टेबलावर होतात, आणि तिथे रुग्णाला पाहिलेला माणूस असणं फार गरजेचं आहे. आठवड्यातला एक दिवस ओपीडीसाठी राखून ठेवायची अट मात्र आधीच घाला.

बदली किंवा कंत्राट संपणं हे या सेवेत ठरलेलंच. शेवटचे तीन आठवडे नव्या केसेस घेऊ नका. प्रत्येक चालू केसच्या माणसाला स्वतः सांगा, शक्य असेल तर नव्या व्यक्तीची भेट तुमच्यासमोरच घालून द्या. आणि फाइलच्या वरच्या पानावर हस्तांतराची अर्ध्या पानाची नोंद ठेवा: काय चाललं होतं, कशाचा उपयोग झाला, कशाचा झाला नाही, आणि येणाऱ्याला पहिल्याच दिवशी माहीत हवं असं एक वाक्य. त्या बाईंच्या फाइलवर मी लिहून ठेवलं होतं: 'उजव्या बाजूला बसा, सावकाश बोला, त्या उत्तर देतात.'